अनिलकुमारचं राखणीचं मशीन

अनिलकुमारला राग येत नाही. त्याच्याविरुद्ध माझी ही एकच तक्रार आहे आणि ती मी त्याच्या तोंडावर कितीदा तरी केली आहे. तो हसतो आणि म्हणतो, "अक्का, तुमाला येतोय की दोघांच्या वाटणीचा." मग पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालतो.

नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली गिऱ्हाइकांचा आणि रिक्षांचा गलका, वर आम्ही. मी श्रीदेवी, तिथे फोन घेते. आमच्या मालकांचं, शिवराजसाहेबांचं घराणं मागवाल्यांचं. आजोबांच्या कारखान्यात चादरी निघायच्या. कारखाना विकला गेला आणि साहेब सॉफ्टवेअरमध्ये आले. आम्ही जे अ‍ॅप चालवतो ते डायलिसिसच्या पेशंटसाठी आहे. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. जिल्ह्यातली काही छोटी केंद्रं आपलं वेळापत्रक आमच्या अ‍ॅपमध्ये भरतात आणि पेशंटच्या फोनवर मेसेज जातो, की तुमचा नंबर अमुक दिवशी, अमुक वाजता. मेसेज गेला नाही तर माणूस येत नाही. माणूस आला नाही तर त्याच्या अंगात पाणी साठतं आणि त्याला श्वास घेता येत नाही. इतकं साधं आहे ते, आणि इतकं भयंकर.

हे आमच्या ऑफिसात कुणाला शिकवावं लागलं नाही, कारण त्यातला एक पेशंट आमच्या दारातच खुर्ची टाकून बसायचा. कल्लप्पाकाका. अनिलकुमारचे थोरले चुलते. अनिल अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा, घरात कानडी, त्यामुळे तो त्यांना 'दोड्डप्पा' म्हणतो. अनिल लहान असताना त्याचे वडील गेले. आई गावाकडे शेत सांभाळत राहिली आणि दोड्डप्पांनी पोराला सोलापूरला आणलं, बाळीवेशीजवळच्या आपल्या एका खोलीत ठेवून शिकवलं. स्वतः लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "मागाचा आवाज डोक्यात असताना बायकूचं कवा ऐकनार?"

काका साहेबांच्या आजोबांच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे आणि कामगारांवर लक्ष ठेवणारे. किडन्या गेल्यावर साहेबांनी त्यांना ऑफिसात राखणदार म्हणून घेतलं. काम काही नाही. सकाळी कुलूप काढायचं, माठ भरायचा, संध्याकाळी पंखे-दिवे बंद करून किल्ली खिशात टाकायची. कॉम्प्युटरला ते कधी बोट लावत नसत. टेबल पुसतानासुद्धा माउस उचलून मी बाजूला ठेवायची आणि मग ते फडकं फिरवायचे.

कारखान्यातली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. खंडेनवमीची. त्या दिवशी सगळे माग धुऊनपुसून, हार घालून बंद ठेवायचे, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला एक दिवस विश्रांती. एकेक माग थांबत जायचा आणि शेडमधला शेवटचा माग बंद करण्याचा मान कल्लप्पाकाकांचा होता. "शेवटचा माग थांबला की असली शांतता व्हायची, श्रीदेवी, कानात दडे बसायचे. तवर पूजा पुरी झाली असं मानत न्हवते कुनी." मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं वाक्य मला आधीच पाठ असायचं. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

उन्हाळ्यात एका रविवारी आमचं अ‍ॅप बंद पडलं. बंद पडलंय हे कुणालाच कळलं नाही, कारण बंद पडलेली वस्तू ओरडत नाही. सोमवारी सकाळी माझा फोन पेटला तेव्हा समजलं. मेसेज गेले नव्हते. काकांचाही नंबर हुकला होता. मंगळवारी त्यांना मशीन मिळालं तोवर त्यांचे पाय सुजून चपलेत मावेनात. ते कण्हले नाहीत, पण अनिलनं ते पाय पाहिले आणि त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अ‍ॅपवर नजर ठेवणारी सिस्टीम बसवतो मी. परत असं होऊ देनार न्हाय." अनिल एवढं ठाम बोललेला मी तोवर ऐकला नव्हता.

साहेबांनी हो म्हटलं, पण दिलं काय? कोपऱ्यात पडलेला एक जुना कॉम्प्युटर आणि जिथे आम्ही चहा करायचो ती चिंचोळी खोली. गॅसची शेगडी बाहेर आली आणि सर्व्हर आत गेला. माझा चहा महिनाभर जिन्यात उकळला.

ते काम काय होतं ते अनिलनं मला चहाची भांडी मांडून समजावलं होतं, म्हणून मला सांगता येतं. आमचं अ‍ॅप चालतं ते पुण्याकडच्या भाड्याच्या सर्व्हरवर. त्या सर्व्हरवर अनिलनं एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तो प्रोग्राम दर मिनिटाला इकडे आमच्या मशीनला कळवत राहणार, की मी जिवंत आहे, मेसेज जातायत, डिस्कवर एवढी जागा उरली आहे. आमचं मशीन ते सगळं साठवणार, ताडून बघणार, आणि काही बिघडलं किंवा निरोप यायचाच थांबला, की अनिलच्या फोनवर घंटा वाजवणार. सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. फुकटचं असल्यामुळे चुकलं तर विचारायला कुणी नव्हतं.

पहिल्यांदा माहिती साठवणारा डेटाबेसच सुरू होईना. मशीनची मेमरी कमी पडत होती. साहेबांच्या मागे भुणभुण लावून ती वाढवली, तर त्या डेटाबेसची आवृत्ती आणि मुख्य सॉफ्टवेअरची आवृत्ती एकमेकांना ओळखेनात. जुनी घातली तर हे रुसे, नवी घातली तर ते. अनिल सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मी म्हणायची, "अरे, फेकून दे ते." तो म्हणायचा, "थांबा की अक्का, आता जमतंय." ते जमलं तेव्हा पुण्याचे निरोप येईनात. येतील कसे? आमच्याकडे वीज गेली आणि आली, की इंटरनेटचा पत्ता बदलायचा आणि निरोप जुन्याच पत्त्यावर जात राहायचे. इंटरनेटवाल्याच्या दुकानात खेटे घालून त्यानं कायमचा पत्ता मिळवला. मग ती खोली तापायला लागली. सोलापूरचा मे महिना, खोलीला खिडकी नाही, आणि मशीन धापा टाकत आपोआप बंद पडे. काकांनी घरचा टेबलफॅन आणून दिला. "ह्याला लाव," म्हणाले. "मी अंगनात निजतो."

पावसाळा लागता लागता ते मशीन नीट चालायला लागलं. स्क्रीनवर हिरव्या रेघा सरकताना काका दारातून बघायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. एकदा पुण्याच्या सर्व्हरवरची जागा भरत आली, अनिलचा फोन किंचाळला, आणि त्यानं जेवणाच्या डब्यावरून उठून जागा मोकळी केली. मेसेज सगळे वेळेवर गेले. त्या दिवशी अनिलच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा पाहिलं नाही. काकांनी विचारलं, "म्हंजे ही राखन करतंय?"

"व्हय, दोड्डप्पा. फोन वाजला तर घाबरायचं. फोन गप्प असला की समजायचं, सगळं बरं हाय."

हे वाक्य त्याचं. मी ऐकलं होतं.

तरी त्याच्या मनात एक खुटखुट होतीच. तो साहेबांना म्हणाला, "सर, हे मशीनच बंद पडलं तर कळनार कसं? ह्याच्यावर नजर ठेवायला बाहेर एक छोटं काहीतरी पायजे." साहेब हसले. "राखणदाराला राखणदार? मग त्याच्यावर आणखी एक ठेवशील. दसऱ्यानंतर बघू की." अनिल बरं म्हणाला. तिथे मी असते तर टेबलावर हात आपटला असता. पण मी फोनवर होते, आणि अनिलला टेबल आपटता येत नाही.

खंडेनवमी आली. साहेबांनी मागांची रीत कॉम्प्युटरला लावलेली आहे. सगळी मशिनं बंद करायची, पुसायची, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. अ‍ॅप पुण्यात चालत असल्यामुळे त्याला धक्का नव्हता. प्रश्न त्या चहाच्या खोलीतल्या मशीनचा होता. अनिल आदल्या दिवशीपासून साहेबांच्या मागे होता. "बाकी सगळं बंद करा, सर, हे नको." साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले. आजोबांचं नाव निघालं, मग वडिलांचं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. फूल वाहतो, पण चालू राहू दे." अनिलच्या जिवात जीव आला. त्यानं ऑफिसातल्या एकेकाला जाऊन सांगितलं, की त्या मशीनला हात लावू नका. मला तर दोनदा सांगितलं, मी चिडले सुद्धा.

काकांना त्यानं सांगितलं नाही. ते त्या वेळी खाली हार आणायला गेले होते. आणि ते असते तरी सांगायचं कशाला? जो माणूस माउसला घाबरतो तो सर्व्हरला काय करणार? माझ्याही मनात आलं नसतं.

पूजा सकाळी लवकरच झाली. अनिलची आई मैंदर्गीला वाट बघत होती म्हणून तो अक्कलकोटची एसटी गाठायला लवकर निघाला. आम्ही प्रसाद घेऊन पांगलो. काका कुलूप लावायला मागे राहिले.

दसऱ्याच्या सकाळी माझ्या गॅसवर पुरणाची डाळ शिजत होती तेव्हा फोन आला. मंगळवेढ्याच्या सोनाबाई. त्या पेशंट, पहिल्या एसटीनं आल्या होत्या. "बाई, हितं तर कुलूप हाय. आमी सगळी पायरीवर बसलोय. नंबर आजचा हाय न्हवं?"

मी केंद्राच्या मॅनेजरला फोन लावला. तो झोपेतून उठला आणि वैतागून म्हणाला, दसऱ्याची सुट्टी म्हणून आजचे सगळे पेशंट त्यांनी कालच्या दुपारवर घेतले होते. अ‍ॅपमध्ये काल सकाळी अकरालाच भरलं होतं. "पण मॅडम, काल एकही माणूस आला नाही. आम्हाला वाटलं, सणाचं कुणी आलं नसेल."

मी अनिलला फोन लावला. मागे त्याच्या आईचा आणि कुणाकुणाचा हसण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "काल काही बिघडलं होतं का रे?"

"न्हाय की, अक्का. कालपासून फोन एकदाबी वाजला न्हाय. सगळं बरं..."

तो तिथेच थांबला. मी दोनदा हॅलो म्हटलं. पलीकडून तो हळू आवाजात म्हणाला, "वाजलाच न्हाय." त्यानं तिकडून मशीनला जोडून बघायचा प्रयत्न केला. मशीन उत्तर देईना. "अक्का, ऑफिस उघडून बघा. मी निगतो." मी म्हटलं किल्ली काकांकडे, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. काकांचा नंबरही दसऱ्याच्या सकाळचाच होता.

मी गॅस बंद करून रिक्षा केली. केंद्राच्या पायरीवर पिशव्या घेऊन माणसं बसली होती, आणि शटरला पाठ टेकून काका. नवा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. चेहरा सुजला होता. बोलताना वाक्याच्या मध्ये दम घ्यावा लागत होता. "श्रीदेवी... सनाचं तू कशाला आलीस." मी त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि त्यांना रिक्षात बसवलं. सोनाबाईंनाही घेतलं, कारण त्यांचेही ओठ निळे पडायला लागले होते. बाकीच्यांना मी म्हटलं, मॅनेजर येऊन केंद्र उघडेपर्यंत थांबा. तो कधी येणार ते त्यानं सांगितलं नव्हतं.

एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथली सगळी मशिनं लागलेली होती, आणि एका मशीनवरचा माणूस उठल्याशिवाय दुसरा झोपवता येत नाही. यात कुणाचीही चूक नव्हती. मी नर्सवर ओरडले, डॉक्टरवर ओरडले, पेपर मागणाऱ्या कारकुनावर ओरडले. काकांना नाकाला ऑक्सिजन लावून बाकावर बसवलं होतं आणि ते मला खूण करत होते, गप बस म्हणून. त्यांची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. मला रडू आलं. मी रडले, काय करणार? दुसरं करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

अनिल कुणाची तरी मोटरसायकल घेऊन आला. दोड्डप्पांच्या पायाशी बसला. हात लावला, पाय दाबले, उठला, पुन्हा बसला. त्याच्याकडे लॅपटॉप होता, तो उघडून त्यानं तिथेच पुण्याचा सर्व्हर बघितला. डिस्क भरली होती. काल सकाळी, पूजेनंतर थोड्याच वेळात भरली होती आणि त्यामुळे एकही मेसेज बाहेर पडला नव्हता. पावसाळ्यात त्यानं डब्यावरून उठून सोडवलं होतं तसलंच, अगदी तेच. घंटा वाजली असती तर चहा गार व्हायच्या आत झालं असतं. त्यानं जागा मोकळी केली आणि अडकलेले मेसेज सुटले. बाकावर बसलेल्या काकांच्या खिशात फोन वाजला. कालच्या दुपारी या, असा मेसेज होता तो.

दुपारी उशिरा काकांना मशीन मिळालं, सोनाबाईंना त्यांच्या आधी. तोवर मॅनेजरनंही केंद्र उघडून बाकीच्यांना आत घेतल्याचा फोन आला होता. आत घेतल्यावर आम्हाला बाहेर काढलं. अनिल म्हणाला, "अक्का, ऑफिसात जाऊन येऊ या. बसवत न्हाय हितं."

कुलूप काढलं. सगळी मशिनं हार घालून गप्प. चहाच्या खोलीत टेबलफॅनही बंद. वीज होती, बाकी सगळं ठीक होतं. मशीन कुणीतरी हातानं बंद केलं होतं. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. कोण हरामखोर, कुणाची ही हिंमत! तर अनिलनं माझा दंड धरला. साहेबांनी वाहिलेलं हळदकुंकू मशीनच्या माथ्यावर होतं. पण खाली, बटणाच्या बाजूला, विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते, अगदी सरळ, तीन बोटांचे. आमच्या ऑफिसात विभूतीची पुडी खिशात बाळगणारा एकच माणूस आहे. बटणावरही त्या राखेचा ठसा होता.

अनिल त्या पट्ट्यांकडे बघत राहिला. मग खाली बसला, भिंतीला टेकला आणि गुडघ्यात डोकं घातलं. मी त्याच्यावरही ओरडू शकले असते, की सांगायचं होतंस त्यांना. ओरडले नाही. पहिल्यांदाच मला राग कुणावर काढावा ते सापडेना.

संध्याकाळी काकांना वॉर्डात हलवलं. थकले होते, पण श्वास नीट येत होता. अनिलनं त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि पायांवर डोकं ठेवलं. काकांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. मग बारीक आवाजात म्हणाले, "तम्मा, बाळा, तुला एक बोलायचं हुतं. काल समदी गेली, कुलूप लावाय गेलो तर आत उजेड. तुजं ते मशीन तसंच चालू. घाईत इसरलास की रे."

अनिलनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"पावसाळ्यापास्नं रातंदिस राखन करतंय बिचारं. समद्यांस्नी सुट्टी आन् त्यालाच न्हाय? मला लई वंगाळ वाटलं. म्हनलं, शेवटचा माग आपनच थांबवावा. विभूती लावली, हात जोडले आन् थांबवलं." ते हसले. "बरोबर बटन दाबलं न्हवं? मी भ्यालो हुतो."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. अनिल वाकून त्यांच्या कानाशी गेला. तो म्हणाला, "बरोबर दाबलं, दोड्डप्पा. बरं केलंत."

सुट्टीनंतर साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि मशीन कुणी बंद केलं ते विचारलं. अनिल म्हणाला, "मीच, सर. निगताना चुकून." साहेब त्याला वाटेल तसं बोलले. सगळ्या ऑफिससमोर, दार उघडं ठेवून. काका दारातच खुर्चीवर होते, मागांच्या आवाजानं अर्धं ऐकू येत नाही त्यांना, त्यामुळे कुणाला झापतायत ते त्यांना कळलं नाही. मी मान खाली घालून फोन घेत होते. अनिलनं मला दवाखान्यातच शपथ घातली होती.

आता बाहेरच्या सर्व्हरवर दुसरा राखणदार बसलाय. साहेबांनी न मागता परवानगी दिली. पण डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी काकांच्या हृदयावर जो ताण आला तो भरून येणारा नाही. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबतात. अनिल सकाळी त्यांच्या मागे मागे चढतो, हात न लावता, पडले तर धरता यावं इतक्या अंतरावर.

मागच्या आठवड्यात अनिलनं त्या मशीनच्या बटणावर प्लास्टिकचं एक झाकण बसवलं आणि स्क्रूनं घट्ट केलं. काका दारातून बघत होते. आता ते आत येतात. झाकणावर बोट टेकवून म्हणाले, "हे ब्येस केलंस. धूळ बसत हुती."

"व्हय, दोड्डप्पा."

"पर खंडेनवमीला तेवडं उगडून दे मला."

अनिलच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. त्यानं शेवटचा स्क्रू आणखी थोडा पिळला आणि म्हणाला, "देतो की."